सीन चौदा आणि माझे हात

३ नोव्हेंबर, सोमवार

झालं! घेतलं मला. अंगणवाडीत खिचडी वाढत होते तेव्हा फोन आला. विकी म्हणून मालिकेतला असिस्टंट आहे, तो म्हणाला, "रत्नाताई, तुळसाचा रोल तुम्हाला फायनल." पळी हातात घेऊनच नाचले. पोरंही नाचली, त्यांना काय, निमित्तच हवं असतं.

सात सीन. बावीस वर्षं तालुक्याच्या नाटकांत कामं करतेय, कायम शेजारीण नाहीतर नर्स. एकदा तर नुसती दारामागून हाक मारली होती. आता नाव असलेलं माणूस, आणि तेही कॅमेऱ्यापुढं. मालिकेचं नाव ठरलेलं नाही, कागदावर 'प्रोजेक्ट ९' एवढंच. निम्मं शूटिंग भोरात, निम्मं गुंजवण्याला. तिथं राजगडाच्या पायथ्याशी जुनं गाव उभं केलंय म्हणे.

पोषणाचं रजिस्टर राहिलंय. उद्या.

५ नोव्हें., बुध.

सह्या करून आले. सगळी कथा सांगितली त्यांनी. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितली, त्या भात वाळत घालत होत्या.

दुसऱ्या महायुद्धातला रामा, आपल्याच भागातला शिपाई. ब्रह्मदेशात जपान्यांच्या हाती सापडतो. ते त्याला हेरगिरी शिकवतात आणि पाणबुडीतून गुपचूप इकडं उतरवतात. हा पठ्ठ्या उतरतो तो थेट इंग्रजांकडं जाऊन सगळं सांगतो. मग इंग्रज त्याच्याच हातून जपान्यांना खोट्या बातम्या पाठवतात. जपान्यांना वाटतं आपला माणूस, आणि असतो इंग्रजांचा.

सासूबाई : "म्हंजी दोन घरचा जावईच म्हन की."

शेवटी जपान्यांना संशय येतो. त्याचा जीव वाचवायला इंग्रज तो मेल्याची बातमी उठवतात. गावात घरी तार येते. पण रामा आधी एकदा चोरून बायकोला भेटून गेलेला असतो. तो जिवंत आहे हे फक्त तिला ठाऊक. ती तुळसा, म्हणजे मी. गावातला धान्याचा व्यापारी जपान्यांना मिळालेला, तो ही खरंच विधवा झाली का हे बघायला दारात येऊन बसतो. तिला सगळ्या गावासमोर खोटं रडायचं.

सासूबाई म्हणाल्या, "मग खरी पाताळयंत्री ती बाईच हाय." मलाही तेच वाटतं. म्हणूनच तर रोल आवडलाय.

९ नोव्हें., रवि.

भोरला कपड्यांचं माप दिलं. नऊवारी दोन, चोळ्या तीन. मग बांगडीवाले काका आले, माझा हात दाबून बघितला, मापाची काचेची हिरवी बांगडी सरसर चढवली. छान बसली. मग म्हणाले, ह्या मापाच्या आठ डझन काढून ठेवतो.

म्हटलं, आठ डझन? माझं काय दुकान आहे?

"फोडायच्या हाईत न्हवं बाई. एका झटक्यात जमतंय थोडंच. पाच-सा येळा घेत्यात म्हनं."

विकीकडं बघितलं. तो मोबाईलमध्ये. म्हणाला, "सीन चौदा ताई. तारेनंतरचा. बायका येऊन बांगड्या फोडतात. तुम्हाला कथा सांगितली होती ना?"

कथा सांगितली होती. हे सांगितलं नव्हतं.

गाडी चालवत घरी कशी आले कळलं नाही.

१० नोव्हें., सोम.

काल पुढचं लिहवलं नाही. आता लिहिते.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. वरव्याच्या फाट्यावर टेम्पोतच छातीत कळ आली. घरी आणलं तोवर सगळं संपलेलं. मग अंगणात बायका जमल्या, दोघी-तिघी माझ्याकडं आल्या, एकीच्या हातात दगड. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि म्हटलं, "न्हाई." एवढंच. सासूबाई मध्ये पडल्या, बायांना म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या. बाया मागं सरल्या.

तेव्हापासून माझ्या हातात बांगड्या आहेत. नणंद तीन वर्षं माझ्याकडं आली नाही. वस्तीत लोक काय काय बोलले ते इथं लिहून वही खराब करत नाही. आपण दीक्षा घेतली, पंचशील म्हणतो, आणि बाई विधवा झाली की हातात दगड घेऊन येतो! महिला मंडळाच्या बैठकीत मी हे दर वेळी बोलते, आणि दर वेळी सांगते, माझ्या सासूनं मला साथ दिली.

आता तीच मी टीव्हीवर फोडून घेणार. आमचं अख्खं उत्रोली गाव बघणार.

१० तारखेलाच, परत

वस्तीतली प्रियांका आली होती. गेल्या वर्षी हिचा नवरा गेला. पोर सव्वीस वर्षांची. तेव्हा मी तिच्या शेजारी उभी राहिले होते, सगळ्यांदेखत. ती बांगड्या घालून कंपनीच्या बसनं रोज वरव्याला पॅकिंगच्या कामाला जाते. सासरचे अजून कुरकुरतात.

बातमी पोचली होती. बांगडीवाल्या काकांच्या तोंडाला कुलूप नाही.

"ताई, तुमी फोडनार व्हय?"

म्हटलं, नाटक असतं गं ते.

"मला म्हाईत हाय नाटक. माज्या सासऱ्याला न्हाई म्हाईत." मग खाली बघून म्हणाली, "तुमी फोडल्या तर मला कोन सोडंल?"

चहा न पिताच गेली. खरं बोलली, म्हणून राग पण येईना.

रोल सोडायचा? सात सीन. परत कोण विचारणार मला, चव्वेचाळिसाव्या वर्षी?

नाही. रोलही सोडणार नाही आणि फोडणारही नाही. कसं ते माहीत नाही. पण ठरलं.

१३ नोव्हें., गुरु.

गुंजवण्याला तालीम. अंगणवाडीला रजा, पर्यवेक्षिका बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. धरणाच्या पाण्याकडेनं रस्ता. सेट बघून गंमत वाटली, कुडाच्या भिंती थर्माकोलच्या आणि शेणाचा सडा मात्र खरा.

सीन चौदाला पंचवीसेक बायका जमवल्या होत्या आसपासच्या गावातल्या. इरा मॅडम, दिग्दर्शिका, तिशी-बत्तिशीची, मुंबईची, पण मन लावून करते. तिनं त्यांच्यातल्या तिघी निवडल्या, म्हणाली, पुढं या आणि तुळसाच्या बांगड्या फोडा. दगड ठेवला.

एकही पुढं येईना.

विकी म्हणतो, अहो मावशी, खोटं आहे. तरी नाही. हिनं तिला ढकललं, तिनं हिला. मला कळलं कशामुळं. तिघी सवाष्णी निवडल्या होत्या त्यांनी, लुगडी चांगली म्हणून. हे काम सवाष्ण करत नसते. ते विधवांनीच करायचं. मालिका लिहिणाऱ्याला एवढं माहीत नाही!

मग विकीनं काय करावं? कर्णा तोंडाला लावून ओरडला, "इथं विधवा कोण कोण आहे? हात वर करा!"

शेळ्यांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या.

धोंडाबाईनं हात वर केला. वेल्ह्याच्या वरच्या वाडीची म्हातारी, शूटिंगला शेरडं घेऊन आलीय. तिचा मोकळा हात तसाच वर. मागनं अजून चार हात वर झाले, अर्धे अर्धे.

माझं डोकंच फिरलं. मीही हात वर केला, बांगड्यांसकट, आणि विकीला म्हटलं, "मोज. सहा." सगळ्या वळून बघायला लागल्या. मग इरा मॅडमला सगळ्यांसमोरच सांगितलं की मी ह्या सीनमध्ये बांगड्या फोडून घेणार नाही.

तिनं बाजूला नेलं. रागावली नाही. म्हणाली, "तुमचं मला समजतं. पण तुळसानं नाही फोडल्या तर व्यापाऱ्याला कळेल ना रामा जिवंत आहे ते. गोष्टच कोसळते." मग, "आपण असं करू, चेहरा तुमचा घेते, हात दुसऱ्या कुणाचे तरी. जवळून फक्त हात दिसतील."

म्हटलं, बघणाऱ्याला ते माझेच हात वाटणार की नाही?

"हो. तेच तर असतं."

तीन दिवस दिलेत. रविवारपर्यंत काय ते सांगा, नाहीतर दुसरी बाई बघावी लागेल. हे मात्र तिनं मान खाली घालून सांगितलं.

१५ नोव्हें., शनि.

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी मी आणि सासूबाई तांदूळ निवडत होतो. मी म्हटलं, आत्या, तुम्ही त्या दिवशी बायांना थांबवलंत म्हणून मला बळ आलं. आज परत तशीच वेळ आलीय. तुम्ही सांगा, काय करू?

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"म्या? म्या कशाला थांबवू?"

म्हटलं, तुम्हीच म्हणालात, ऱ्हाऊ द्या.

"अगं, तुजं डोळं असं फिरलेलं. मला वाटलं हिला कळलंच न्हाई त्यो गेलेला. डोक्यावर परिनाम झाला पोरीच्या. म्हून म्हनलं, आत्ता ऱ्हाऊ द्या, सुदीवर आली का बगू."

"मग शुद्धीवर आल्यावर?"

"मग तू भांडायलाच लागलीस. कोन बोलनार तुज्याम्होरं?"

तीन वर्षं! तीन वर्षं बैठकीत सांगतेय, माझ्या सासूनं साथ दिली. टाळ्या घेतल्यात त्यावर. आणि ह्यांना वाटत होतं मला वेड लागलंय. रडू आलं, आणि हसूही. उठून मागच्या दारी गेले, भांडी होती तेवढी घासून काढली, धुतलेली पण परत घासली.

थोड्या वेळानं त्या तिथं येऊन बसल्या. स्वतःहून बोलायला लागल्या. "माज्या चौतिसाव्या वर्साला फोडल्या. माज्या सासूनंच. मनगाट कापलं व्हतं, ही बग खूण. मला कुनी इचारलं न्हाई, आन् म्या बी न्हाई म्हनले न्हाई. म्हनायचं असतंय हेच ठावं नव्हतं."

मी विचारलं, आणि आता काय वाटतं? फोडायला हव्या होत्या मी?

"आता तुजं हात मोकळं बगवायचं न्हाईत मला." मग उठता उठता, "बैठकीत सांगतीस ते सांगत जा. चांगलं वाटतंय लोकांत."

ह्या बाईपुढं हात टेकले.

१५ तारीखच. दुपार.

सुचलं.

मी नाही म्हटलं तेव्हा कुणाला वाटलं का, नवरा जिवंत आहे म्हणून? एकालाही नाही. सगळ्यांना वाटलं, बाई दुःखानं भ्रमली. दयाच आली त्यांना.

तुळसानं फोडूनच घ्यायच्या नाहीत. ओरडायचं, "त्यो मेला न्हाई! हाय त्यो! माणूस दावा आधी, मग लावा हात!" ती अगदी खरं बोलते आणि एकाचाही विश्वास बसत नाही. व्यापारी बघतो, मनात म्हणतो, बाईला वेड लागलं म्हणजे गडी नक्की गेला. उठून जातो. तिनं खरं सांगूनच त्याला फसवलं. नवऱ्यापेक्षा सरस निघाली की!

पाठकोऱ्या रजिस्टरवर सीन लिहून काढलाय. तीन पानं. पर्यवेक्षिका बाईंनी बघितलं तर माझी खैर नाही.

१६ नोव्हें., रवि.

सकाळी गाडी काढली, नसरापूर, मार्गासनी करत गुंजवण्याला पोचले. इरा मॅडमनं पानं उभ्या उभ्या वाचली. मग बसून वाचली. मग बांधावरून येरझाऱ्या.

"रत्नाताई, लेखकाला काय सांगू मी?"

म्हटलं, सांगा, तुळसाला सुचलं.

हसली. पण मग स्पष्ट बोलली, ते मला आवडलं. ती हा सीन शूट करणार, तिला पटलाय. पण कोणता ठेवायचा ते चॅनेल ठरवणार. त्यांना बांगड्या फुटताना हव्या आहेत, जाहिरातीत सुद्धा तेच दाखवायचंय त्यांना. "मी शब्द देत नाही. भांडेन एवढं सांगते."

भांडणारी माणसं मला चालतात.

१८ नोव्हें., मंगळ.

केला.

धोंडाबाई आणि चौघी अंगावर आल्या. मी हात मागं घेतले आणि ओरडले. ठरवलेलं सगळं बोलले, न ठरवलेलंही बोलले. "माणूस दावा" म्हणताना घसा फाटला. आपण कुठं आहोत तेच मला कळेना. ह्यांचा टेम्पो फाट्यावर उभा आहे आणि कुणीतरी मला खोटं सांगतंय, असं वाटत होतं. तीन वर्षांत अशी रडले नव्हते, त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी नुसती भांडले.

एकदाच घेतला. कट म्हटल्यावरही बायका हलेनात. व्यापाऱ्याचं काम करणारे गृहस्थ पुण्याचे, मोठे नट, ते लांब जाऊन डोळे पुसत होते. विकीनं पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "त्या दिवशीचं सॉरी ताई." बरं झालं म्हणाला.

प्रियांकाला फोन केला. म्हटलं, नाही फोडल्या. ती बसमध्ये होती. मग म्हणाली, "बरं झालं ताई." आणि लगेच, "पर दाखवतील का त्येच?"

हुशार आहे पोरगी.

२३ नोव्हें., रवि.

वेल्ह्याच्या बाजारात धोंडाबाई भेटली. हातात हात घेऊन बाजूला घेऊन गेली.

"पोरी, तुला सांगाय पायजे. तू गेलीस मागारी, आन् त्यांनी माजं हात घेतलं."

कळेना. मग तिनं सांगितलं. मी निघून गेल्यावर तिला तुळसाची चोळी घातली, मनगटाला रंग लावला कातडी तरणी दिसायला, आणि हिरव्या बांगड्या भरल्या. मग फुटताना जवळून घेतलं. सहा वेळा. दर वेळी नव्या भरायच्या.

मला राग आला, तो तिच्यावर नाही. पण तिचा चेहरा वेगळाच होता.

"चाळीस वर्सांनी भरल्या गं. त्यो कासार बी हळूच भरीत व्हता. लई बरं वाटलं घालताना." मग मनगट चोळत म्हणाली, "फोडताना न्हाई. सा येळा फोडल्या."

बाजारातून तिला डझनभर घेतल्या, हिरव्याच. नको नको म्हणत होती. घातल्या नाहीत, पदराला बांधून घेऊन गेली. घालेल की नाही माहीत नाही. तिची वाडी, तिची माणसं. मी तिथं राहायला जाणार नाही.

तर म्हणजे दोन्ही सीन तयार आहेत त्यांच्याकडं. माझा चेहरा, तिचे हात.

इरा मॅडमला फोन लावला. तिनं कबूल केलं. "चॅनेलची अट होती. तुमच्या तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही." म्हटलं, मग भांडा आता दुप्पट.

६ डिसें., शनि.

दादर. पहाटेच पोचलो, मंडळाच्या बसनं. चैत्यभूमीच्या रांगेत सगळ्या विचारत होत्या, कधी लागणार गं तुझी शिरेल? सासूबाईच उत्तर देत होत्या.

९ जाने., शुक्र.

मंडळाच्या बैठकीत बोलायला उभी राहिले. या वेळी खरं सांगितलं, सासूला मी वेडी वाटले होते म्हणून. सगळ्या हसल्या. सासूबाई पहिल्याच रांगेत, पदर तोंडाला लावून. प्रियांका सासूला घेऊन आली होती. पहिल्यांदाच. ती बाई शेवटपर्यंत बसली.

३ फेब्रु., मंगळ. पुणे.

ही नोंद स्टुडिओच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. वही पिशवीत होती म्हणून बरं.

डबिंगला बोलावलंय. बाकीचे सहा सीन दुपारपर्यंत झाले. पडद्यावर स्वतःला बघायचं आणि ओठ हलले की बोलायचं. बरी दिसते मी. नाक जरा जास्त मोठं आहे.

मग सीन चौदा. पडदा काळा.

रेकॉर्डिंगवाला मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्याला फक्त रडणं हवं. दोन मिनिटं. मोठ्यानं, मग हुंदके."

म्हटलं, चित्र?

"अजून लॉक नाही, कोणतं ठेवायचं ते ठरलेलं नाही. तुम्ही नुसतं रडा, आम्ही लावतो नंतर."

तेच तर. मी इथं रडणार आणि ते रडणं धोंडाबाईच्या हातांवर नेऊन लावलं तरी मला कळणार नाही. सांगितलं त्याला, चित्र बघितल्याशिवाय आवाज मिळणार नाही. तो म्हणाला, असं कुणी करत नाही. म्हटलं, मी करते.

इरा मॅडमला फोन लावला त्यानं. तिनं फोन माझ्याकडं द्यायला सांगितला. आवाज थकलेला. "चॅनेलनं आज सांगतो म्हटलंय. ऐका ना, नाही दिलंत तर ते दुसऱ्या कुणाचा आवाज लावतील. ते माझ्या हातात नाहीये."

म्हटलं, लावू दे. मग तुळसाच्या पुढं माझं नावही लिहू नका. चेहरा तुमच्याकडं आहेच, त्याचं मी काही करू शकत नाही. पण बाकीचं मी देणार नाही. आणि तुम्ही भांडताय ना अजून?

"भांडतेय."

"मग मी पण बसते."

साडेचार झाले. भोरची गाडी साडेसहाला आहे, त्यानंतरचीही आहे एक. प्रियांकाचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. सांगणार काय?

आत्ता आतून आवाज येतोय. दार पूर्ण लागत नाही ह्यांचं. माझाच आवाज आहे, गुंजवण्यातला, मी लिहिलेल्या सीनमधला. "माणूस दावा आधी." थांबतो. परत मागं जातो. "माणूस दावा आधी." तो मुलगा काहीतरी बसवतोय. चित्रावर बसवतोय की नुसता आवाज तपासतोय, इथून दिसत नाही. चौथ्यांदा लावलं. एकदा विचारावं म्हणून उठले होते, पण परत बसले. त्यालाच बाहेर येऊन सांगू दे.